लक्षद्वीपचा परवाना : किल्ली कोणाच्या हाती?

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपला भेट दिली. तेथील निळ्या पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची छायाचित्रे देशभर पोहोचली, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी शेलके उद्गार काढले आणि त्यापायी त्यांना निलंबित व्हावे लागले. या प्रकरणाचे राजनैतिक कवित्व काही आठवडे चालून ओसरले. मागे उरली ती लक्षद्वीपला जाण्याची एक नवी हौस. मालदीववर बहिष्कार घालून आपल्याच बेटांना भेट द्यावी, या आवाहनास नोकरदार मध्यमवर्गाने मनापासून प्रतिसाद दिला आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा आपला औद्योगिक पट्टा त्यास अपवाद नव्हता. परंतु चौकशीस प्रारंभ होताच अनेकांना एक धक्का बसला. भारताच्या या केंद्रशासित प्रदेशात पाऊल ठेवण्यासाठी भारतीय नागरिकासही प्रवेश परवाना घ्यावा लागतो, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते.

तसे ते ठाऊक नसणे साहजिक होते. मराठी माणसाला बेट म्हटले की अंदमान आठवते. सावरकर बंधूंनी ज्या सेल्युलर तुरुंगात काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, त्याचे दर्शन घेणे हा पर्यटनापेक्षा यात्रेचा भाग समजला जातो. देहूरोडच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात वा आगारात नोकरी करणारे कर्मचारी रजा प्रवास सवलतीतून सहकुटुंब अंदमानला जातात, त्यात कोणास नवल वाटत नाही. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरपासूनच्या श्रीविजयपुरमला, उतरावयास भारतीयाला परवाना लागत नाही. तिकीट काढावे आणि निघावे. मग लक्षद्वीपनेच असे काय घोडे मारले आहे, असा प्रश्न पडतो. ‘आपल्याच देशात परवाना कशाला?’ हा त्याचा पुढचा पाठ. काश्मीरचे ३७० वे कलम २०१९ साली निष्प्रभ झाले, मग या बेटांनाच वेगळी वागणूक का, असेही काही सुशिक्षित मंडळी विचारतात. काश्मीरच्या प्रवेश परवान्याविरुद्ध श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी १९५३ साली दिलेला लढा आणि त्यात कैदेत असताना झालेला त्यांचा मृत्यू, यांची आठवण ज्यांच्या मनात आहे त्यांना तर ‘परवाना’ हा शब्दच खटकतो.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तरही आपल्या राज्यघटनेतच दिलेले आहे. १९ व्या कलमाने नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचा व कोठेही वास्तव्य करण्याचा अधिकार दिला, आणि त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमाने सर्वसामान्य जनतेच्या किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी त्या अधिकारावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली. लक्षद्वीपची सुमारे ९५ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातीत मोडते. स्वतःचा आणि आईवडील या दोघांचाही जन्म बेटांवर झालेला असणे ही तेथील जमातीची व्याख्या होय. या बेटांच्या प्रवेश व वास्तव्यावरील निर्बंधांचे नियम १९६७ साली झाले. त्याआधी १९६५ च्या जमीनविषयक विनियमाने बेटवासीयांची जमीन परक्याच्या हाती जाण्यास अटकाव केला होता. हे दोन्ही कायदे एकत्र वाचावयास हवेत. पहिला माणसाला दाराशी थांबवितो आणि दुसरा जमिनीला घरात ठेवतो. येथील बहुसंख्य लोक मुस्लिम असल्यामुळे काहीजण या परवान्याकडे धर्माच्या चष्म्यातून पाहतात. तो चष्मा येथे निरुपयोगी आहे, कारण अशाच तऱ्हेचा प्रवेश परवाना अरुणाचल, नागालँड आणि मिझोराममध्येही लागतो आणि तेथील धर्म निराळे आहेत. शिवाय यात परके असे काही नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात येते त्याच तालुक्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळ्यांची जमीनही शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. १९७४ साली जमीन महसूल संहितेत झालेल्या दुरुस्तीने ते संरक्षण दिले आहे आणि त्यास कोणी देशाच्या एकात्मतेवरील घाला समजत नाही.

परवान्याची रीत म्हणाल तर ती आपल्या कामगारवर्गाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ओळखपत्र, छायाचित्र, कोणत्या बेटावर किती दिवस राहणार याचा तपशील आणि स्थानिक पोलिसांचा निर्वेध दाखला, असा हा एकूण सरंजाम आहे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यास बेटावरील कोणी रहिवासी पुरस्कर्ता म्हणून मिळवावा लागे. प्रशासनाच्या पर्यटन संस्थेमार्फत किंवा मान्यताप्राप्त प्रवासी कंपनीमार्फत जाणाऱ्यांची कागदपत्रे तीच मंडळी पाहतात. पोलिसांचा हा दाखला म्हणजे चाकण, तळेगाव वा भोसरीच्या कारखान्यात कंत्राटी म्हणून लागू पाहणाऱ्या तरुणाला ज्यावाचून फाटकाचा पास मिळत नाही, त्या चारित्र्य पडताळणीचाच भाऊ. २०१८ च्या १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकणही त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे या कामासाठी पुण्याच्या खेपा आता घालाव्या लागत नाहीत. कंत्राटी कामगाराला पोटासाठी जो दाखला मुकाट्याने काढावा लागतो, तोच दाखला सहलीसाठी मागितला की आपल्याला नागरिकत्वाचा अपमान वाटतो, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

तेव्हा परवाना असावा की नसावा, हा वादाचा मुद्दा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो असावा. एखाद्या लहानशा भूभागाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसला तर काय होते, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे अशा लोकांत आपला गणना होते. ५०-६० वर्षांपूर्वी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे होती. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग टेल्को आली, बजाज आली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सव्वासतरा लाखांवर गेली. या वाढीने लाखो कुटुंबांना अन्न दिले, मराठवाड्यापासून केरळपर्यंतच्या तरुणांना रोजगार दिला, हे कृतघ्नपणे विसरण्याचे कारण नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली? १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन झाल्या आणि त्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळत राहिला. ज्या निगडीला आज सारे ‘प्राधिकरण’ म्हणूनच ओळखतात, तेथील नेटक्या रस्त्यांखाली तो प्रश्न पुरलेला आहे. शहराची तहान वाढली तेव्हा पवना धरणातून बंद नळाने पाणी आणण्याचे ठरले. त्याविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनावर २०११ च्या ९ ऑगस्टला गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला. त्यानंतरही २०१९ साली शहरात पाणी एक दिवसाआड सुरू झालेच. आणि इंद्रायणीवर आळंदीच्या घाटाशी तरंगणारा फेस वारकऱ्यांना दर वर्षी पाहावा लागतो.

पण आपल्याकडे निदान नदी आहे, धरण आहे, मागे सह्याद्री आहे. लक्षद्वीपला यातले काहीच नाही. ३६ बेटे, त्यांतली दहा वस्तीची, सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटरची आहे. २०११ साली बेटांची एकूण लोकसंख्या ६४,४७३ होती. आपल्या महापालिकेच्या चार नगरसेवकांच्या एका प्रभागापेक्षा ती फार मोठी नव्हे. तथापि जमीन इतकी थोडी की दर चौरस किलोमीटरमागे दोन हजारांहून अधिक माणसे राहतात. प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा एक पातळ थर, हीच या लोकांची विहीर. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि वरचे सांडपाणी झिरपते तेही त्याच थरात. २००५ साली कवरत्ती येथे समुद्राच्या तापमानातील फरकाचा उपयोग करून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. शास्त्रज्ञांची ती कामगिरी खरोखर कौतुकास्पद आहे, पण हॉटेलच्या स्नानगृहांसाठी तो उभारलेला नव्हता. ज्या प्रवाळांच्या भिंतीवर ही बेटे लाटांपासून तगून आहेत ती प्रवाळे समुद्राच्या उष्णतेने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली पांढरी पडली. अशा ठिकाणी किती माणसांनी जावे याला मर्यादा हवी, हे सांगण्यास तज्ज्ञांच्या समितीची गरज नाही. आपल्या इमारतीच्या टाकीत पाणी किती आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाडे किती, हा हिशेब ज्याला कळतो त्याला हेही कळेल.

येथवर परवान्याची बाजू झाली. आता त्याच्या दोषाकडे वळू, कारण खरी गोम तेथे आहे. दार असावे हे खरे, पण त्या दाराची किल्ली कोणाजवळ आहे? लक्षद्वीपला विधानसभा नाही. लोकसभेत एक खासदार आहे आणि गावपातळीवर पंचायती आहेत. परवाना देणे वा नाकारणे मात्र केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या यंत्रणेकडे आहे. ज्यांच्या रक्षणासाठी दार बसविले, त्यांच्या हाती ते उघडण्याचा वा लावण्याचा अधिकार नाही. ही विसंगती कित्येक वर्षे कोणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण प्रशासन आणि बेटवासी यांचे हेतू बहुतांशी एकाच दिशेचे होते. २०२१ साली ती एकाएकी उघडी पडली.

त्या वर्षी प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल यांच्या कारकिर्दीत विकास प्राधिकरणाच्या विनियमाचा एक मसुदा प्रसिद्ध झाला. नियोजनासाठी कोणतीही जमीन ताब्यात घेण्याचे आणि रहिवाशांना हलविण्याचे व्यापक अधिकार त्यात मागितले होते. त्याच सुमारास शिक्षण, आरोग्य, मत्स्यव्यवसाय अशी खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेण्यात आली. बेटांवर असंतोष उसळला, केरळ विधानसभेने ३१ मे रोजी एकमताने ठराव केला, आणि टीकेच्या भडिमारापुढे तो मसुदा मागे पडला. निगडीच्या प्राधिकरणात राहणाऱ्या वाचकाने तो मसुदा जरूर वाचून पाहावा. शब्द त्याच्या ओळखीचे वाटतील. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. परिस्थिती समक्ष पाहण्यासाठी केरळमधील काही खासदारांनी बेटांवर जाण्याची परवानगी मागितली तेव्हा ती नाकारण्यात आली. म्हणजे आदिवासींना बाहेरच्यांपासून वाचविण्यासाठी केलेला नियम, आदिवासींचे गाऱ्हाणे बाहेर जाऊ नये म्हणून वापरला गेला. परवान्याच्या कोणत्याही टीकाकाराला याहून चांगला मुद्दा सापडणार नाही. आश्चर्य असे की जे ‘आपल्याच देशात परवाना कशाला’ असे विचारतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी हा मुद्दा तेव्हा उचलला.

दुसरा दोष याहून सौम्य, पण अधिक टिकाऊ. परवाना एकट्यादुकट्या माणसाला अडवितो, भांडवलाला अडवीत नाही. २०२३ च्या जानेवारीत टाटा समूहाच्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची दोन आलिशान विश्रामस्थाने उभारण्याचे जाहीर केले. त्यांतील काही निवास पाण्यावरच बांधावयाचे होते. ज्या समूहाच्या भोंग्यावर पिंपरीच्या दोन पिढ्यांनी घड्याळे लावली, त्याच्या कामाच्या शिस्तीविषयी येथील वाचकाला निराळे सांगावयास नको, आणि आम्हांसही त्या कंपनीविषयी किंतु नाही. प्रश्न धोरणाचा आहे. चिंचवडच्या शाळेतील शिक्षक दोन महिने आधी अर्ज करून, दाखला काढून, कोचीहून बोटीने रात्रभर प्रवास करून जाऊ म्हणेल तर त्याच्यासाठी जागा मोजक्या. एका रात्रीचे भाडे त्या शिक्षकाच्या पगाराचा लचका तोडील अशा खोल्यांना मात्र बेटेच्या बेटे खुली. पाण्याचा तो पातळ थर उपसणारा कोण, याचा हिशेब केला तर अडवावयाचे कोणाला आणि सोडावयाचे कोणाला, याचा क्रम उलटा लागेल.

अंदमान-निकोबारचा अनुभव हेच निराळ्या तऱ्हेने सांगतो. तेथील आदिम जमातींच्या संरक्षणाचा विनियम १९५६ सालचा आहे. जारवांच्या राखीव जंगलातून जाणारा महामार्ग बंद करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले, तरी पर्यटकांच्या गाड्यांचे तांडे जात राहिले, आणि २०१२ साली जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचविल्याचे चित्रीकरण जगाने पाहिले. २०१८ साली परदेशी पर्यटकांसाठी २९ बेटांवरील एक परवाना शिथिल करण्यात आला. त्या यादीत उत्तर सेंटिनेलही होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक अमेरिकन धर्मप्रचारक तेथे चोरून उतरला व प्राणास मुकला. ग्रेट निकोबारशी तर महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. १९६९ पासून सुमारे ३३० माजी सैनिकांची कुटुंबे तेथे वसविण्यात आली, त्यांत पंजाब व दक्षिणेबरोबर महाराष्ट्रातलीही होती. जंगल तोडून त्यांनी उभी केलेली गावे २००४ च्या त्सुनामीत वाहून गेली. त्याच बेटावर आता बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ साली मंजुरी मिळाली असून सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी द्यावयाचे आहे. २०११ साली आठ हजारांची वस्ती असलेल्या बेटावर साडेतीन लाख माणसे राहतील अशी योजना आहे. शोंपेन जमातीच्या राखीव क्षेत्रात आपल्याला पासाशिवाय शिरता येत नाही, पण त्यांच्या दाराशी शहर येऊन बसण्यास पास लागत नाही.

तेव्हा मागणी करावयाची ती परवाना उठविण्याची नव्हे, तो कोणाच्या सल्ल्याने आणि कोणत्या हिशेबाने दिला जातो हे बदलण्याची. प्रत्येक बेटाला पाणी व कचरा यांचा हिशेब करून हंगामात किती पाहुणे पेलतील ती संख्या ठरवावी आणि ती जाहीर करावी. हॉटेलातला पाहुणा आणि बेटवासीयाच्या घरी उतरणारा पाहुणा एकाच मोजणीत धरावा. परवाने किती दिले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, याची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करण्यास प्रशासनाला कसलीच अडचण नसावी. नाकारलेल्यास लेखी कारण व दाद मागण्याची सोय हवी, विशेषतः तो लोकप्रतिनिधी, पत्रकार वा संशोधक असेल तेव्हा. आणि ज्या गावात उतरावयाचे त्या गावच्या पंचायतीचे मत विचारात घेतल्यावाचून मोठ्या पर्यटन प्रकल्पास जमीन देऊ नये. यात क्रांतिकारक असे काही नाही. ग्रामसभेचे हे अधिकार आपण अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने तत्त्वतः मान्य केलेलेच आहेत.

आपल्या बाजूचेही काही काम आहे. पोलिसांचा दाखला हे सुरक्षिततेचे साधन असेल तर तो ठरलेल्या मुदतीत मिळाला पाहिजे. कंत्राटी कामगार असो वा पर्यटक, ओळखीच्या माणसामार्फत लवकर आणि एरवी उशिरा, ही रीत राहिली की मध्यस्थ जन्माला येतात. परवाना ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहून अधिकृत मार्गानेच अर्ज करावा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळ्यामुळे तेथील पर्यटन जवळजवळ थांबते. दिवाळीच्या सुटीत जाऊ म्हणणाऱ्या शिक्षकाने गणपतीपूर्वीच कागदपत्रांची तयारी करावी, हे उत्तम. बंगारामचा अपवाद सोडता बेटांवर दारूबंदी आहे, तिच्याविषयी कुरकुर करणाऱ्याने गोव्याची वाट धरावी.

हे सारे निवांतपणे पुढे ढकलण्याजोगे नाही. २०२५ च्या जुलैत बित्रा हे बेट संरक्षणविषयक कामासाठी संपादन करण्याच्या दृष्टीने प्रशासनाने अधिसूचना काढली. वस्ती असलेल्या बेटांत हे सर्वांत लहान. २०११ साली तेथे २७१ माणसे होती. खासदार हमदुल्ला सईद यांनी त्यास विरोध केला. देशाच्या संरक्षणाची गरज कोणी नाकारणार नाही, आणि कदाचित ती गरज खरीही असेल. पण संपादनापूर्वी सामाजिक परिणामांची पाहणी करावयाची आहे असे शासनच म्हणते. मग तिचा अहवाल बेटवासीयांच्या भाषेत त्यांच्यासमोर वाचला जावा, त्यांचे म्हणणे त्यांच्या सहीनिशी नोंदले जावे, आणि ती पाहणी चालू असेतो बित्राला जाऊ इच्छिणाऱ्या वार्ताहरास वा खासदारास परवाना नाकारला जाऊ नये.